गिऱ्हाईकाचा फोन दुकानात बिघडला, तर भरपाई कोणी द्यायची?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. ज्यांनी तो वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. देवगड भागात तुमचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, सुरू करून वर्ष झालं. गणपतीला गावी आलेल्या एका चाकरमान्याने 'चार्ज होत नाही' म्हणून फोन आणून दिला. तुमच्याकडच्या मुलाने मागचं पॅनेल उघडलं, बॅटरी उचलली, चार्जिंगची स्ट्रिप, म्हणजे आतली चपटी लवचिक वायर, बदलली. फोन चालू केला तर डिस्प्लेवर हिरव्या रेघा आणि दुसऱ्या दिवशी सगळा काळोख. फोन तीन वर्षांपूर्वी १८,००० रुपयांना घेतलेला. गिऱ्हाईक म्हणतो, नवा फोन द्या. मुलगा म्हणतो, डिस्प्ले आधीच गेलेला असणार. घरचे म्हणतात, मुलाच्या पगारातून कापा. त्याला महिना ९,००० मिळतात. आणि दुकानात तर पाटी लावलेली आहे, 'दुरुस्ती करताना होणाऱ्या नुकसानीस दुकानदार जबाबदार नाही.'

मी मालवणात एकोणीस वर्षं हेच काम करतो. बटणांचे फोन होते तेव्हापासून. त्यामुळे जे सांगतो ते दुरुस्तीच्या बाकावर बसून शिकलेलं आहे आणि दोन-तीनदा स्वतःच्या खिशातून पैसे मोजून शिकलेलं आहे. आधी थेट उत्तर देतो. गिऱ्हाईकासमोर जबाबदारी तुमची, म्हणजे दुकानाची. मुलाची नाही. पण जबाबदारी म्हणजे नवा फोन नव्हे. फोन जसा होता तसा करून देणं, आणि ते जमत नसेल तर त्याची आजची किंमत देणं. आता हे का, आणि यात कुठे कुठे फरक पडतो, ते सविस्तर.

तुम्ही विचारलंत 'कोणी भरायचं', पण मला त्याच्या आधीचा एक प्रश्न पडला. तो फोन काउंटरवर आला तेव्हा त्याची स्क्रीन लागलेली कोणी पाहिली का? तुम्ही लिहिलंय की फोन बंदच आला होता, चार्ज होत नव्हता म्हणून. म्हणजे डिस्प्ले चांगला होता की नव्हता हे तुम्ही पाहिलं नाही, मुलाने पाहिलं नाही, आणि पावतीवर फक्त नाव, नंबर आणि 'चार्जिंग प्रॉब्लेम' एवढंच आहे. खरी अडचण ही आहे. गिऱ्हाईक म्हणतो चालू होता, मुलगा म्हणतो नव्हता, आणि दोघांपैकी कोणाकडेच दाखवायला काही नाही. असं झालं की शंकेचा भार दुकानावर येतो. कायदाही तेच म्हणतो आणि माझ्या मते ते योग्यच आहे.

कायद्याचं थोडं सांगतो, कारण आपल्या धंद्यातल्या फार थोड्या लोकांना ते माहीत असतं. आपण दुरुस्तीसाठी फोन ठेवून घेतो त्याला १८७२ च्या भारतीय करार कायद्यात निक्षेप म्हणतात. वस्तू दुसऱ्याची, ताबा आपला, काम झालं की परत द्यायची. त्या कायद्याच्या कलम १५१ मध्ये साधी कसोटी दिली आहे. सर्वसाधारण शहाणा माणूस स्वतःच्या तशाच वस्तूची जेवढी काळजी घेईल, तेवढी काळजी ताबा घेणाऱ्याने घ्यायला हवी. तेवढी घेतली आणि तरीही नुकसान झालं, तर कलम १५२ प्रमाणे, वेगळा काही करार नसेल तर, तो जबाबदार नाही. पण काळजी घेतली होती हे दाखवायचं कोणी? ज्याच्या ताब्यात वस्तू होती त्याने. गिऱ्हाईक बाहेर बाकड्यावर बसला होता किंवा घरी गेला होता. आत काय झालं हे त्याला कसं कळणार?

त्या पाटीबद्दल. सर्वोच्च न्यायालयात एका गाडीचा खटला गेला होता. दिल्लीतल्या एका मोठ्या हॉटेलात १९९८ साली पाहुण्याने गाडी हॉटेलच्या माणसाकडे लावायला दिली आणि ती चोरीला गेली. पार्किंगच्या चिठ्ठीवर छापलेलं होतं की गाडी मालकाच्या जबाबदारीवर. नोव्हेंबर २०१९ मध्ये न्यायालयाने सांगितलं की एकदा गाडी ताब्यात घेतली की स्वतःच्या किंवा नोकरांच्या हलगर्जीपणातून अशा ओळीच्या आधारे सुटता येत नाही, आणि नीट काळजी घेतली होती हे हॉटेलने दाखवावं. तुमच्या-माझ्या भिंतीवरच्या पाटीचं वजन त्या चिठ्ठीहून जास्त नाही. उलट ती पाटी बघून गिऱ्हाईक आधीच सावध होतो. मी माझी २०२० मध्ये काढून टाकली आणि तिच्या जागी पावतीचा एक मोठा नमुना लावला. त्याबद्दल पुढे लिहितो.

आता तुमच्या फोनकडे येऊ. चार्जिंगची बाजू दुरुस्त करताना डिस्प्ले कसा जातो, हे गिऱ्हाईकाला पटत नाही आणि नव्या कारागिराला कळत नाही. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये बॅटरीच्या कडेला किंवा खाली फ्रेमला एक अरुंद फट असते. डिस्प्लेची स्ट्रिप पुढच्या बाजूने त्या फटीतून मागे येते आणि आतल्या मुख्य सर्किट बोर्डाला लागते. बॅटरी डिंकाने घट्ट चिकटलेली असते. घाई असली की मुलगा लोखंडी ओपनर खाली सरकवतो आणि उचकटतो. ओपनरचं टोक त्या फटीत गेलं की स्ट्रिपला चीर पडते. कधी फक्त दाब बसतो आणि मागून डिस्प्लेलाच इजा होते. मग सुरुवातीला एक-दोन हिरव्या रेघा येतात आणि काही तासांत सगळं काळं होतं. तुम्ही वर्णन केलंय ते अगदी असंच आहे. म्हणून मला वाटतं की चूक तुमच्या बाकावर झाली असण्याची शक्यता जास्त आहे. पण नुसत्या वर्णनावरून मी शपथेवर सांगणार नाही. काही मॉडेलना अशा रेघा कोणी हात न लावताही येतात, आणि आपल्याकडची खारी हवा तर आतून फोन खातच असते.

हे तपासता येतं. बॅटरी पुन्हा काढा, या वेळी कडेने आयपीएचे (डिंक सैल करणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल) थेंब सोडून पाच-सहा मिनिटं थांबा आणि प्लास्टिकच्या कार्डाने हळू उचला. मग मायक्रोस्कोपखाली ती स्ट्रिप फटीपाशी बघा. चीर ताजी असेल तर कापलेल्या जागी तांबं चकाकतं, लालसर, स्वच्छ. जुनी इजा असेल किंवा पाणी गेलेलं असेल तर तिथे हिरवट-काळपट थर दिसतो, कनेक्टरच्या पिना फिकट पडलेल्या असतात. सिमचा ट्रे काढून आत टॉर्च मारा. पाणी दाखवणारा पांढरा ठिपका बऱ्याच कंपन्या तिथेच ठेवतात, तो लाल किंवा गुलाबी झाला असेल तर फोनने कधीतरी पाणी पाहिलंय. मात्र एवढ्यावरून डिस्प्ले आधीच गेला होता असं म्हणू नका. आपल्याकडे पावसाळ्यात खिशात राहिलेल्या फोनचाही ठिपका गुलाबी झालेला मी पाहिलाय. हे सगळं गिऱ्हाईकाला समोर बसवून, त्यालाही लेन्समधून बघायला देऊन करा. स्वच्छ तांबं दिसलं तर तिथेच कबूल करा. हिरवं दिसलं तर त्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल.

चूक आपली निघाली असं धरू. मग किती द्यायचं? आधी दुरुस्ती. त्या दर्जाचा, म्हणजे कंपनीचा किंवा त्याच मॉडेलच्या फोनमधून काढलेला मूळ डिस्प्ले, तुमच्या खर्चाने, मजुरी न लावता. इथे बरेच दुकानदार एक अप्रामाणिक गोष्ट करतात. आधीचा डिस्प्ले अमोलेड, म्हणजे भारीतला, असतो आणि बदल्यात स्वस्तातला साधा कॉम्बो (टच आणि डिस्प्ले एकत्र असलेला सुटा भाग) बसवून 'बघा, झाला' म्हणतात. रंग फिके, स्क्रीनवरचं बोटाचं लॉक बंद, बॅटरी लवकर उतरते. ती भरपाई नाही. मूळ दर्जाचा डिस्प्ले मिळत नसेल, किंवा तो फोनच्या किमतीएवढा महाग पडत असेल, तर फोनची आजची किंमत द्या. मी अँड्रॉइडसाठी माझा एक अंदाज ठेवलाय. पहिल्या वर्षाअखेर किमतीचा तिसरा हिस्सा गेला, दुसऱ्या वर्षाअखेर निम्मी राहिली, तीन वर्षांनी तीस टक्क्यांच्या आसपास. तुमच्या १८,००० च्या फोनचे त्या हिशेबाने ५,४०० होतात. त्याच मॉडेलचा चांगल्या स्थितीतला जुना सेट बाजारात किती आहे तेही गिऱ्हाईकासोबत बघा आणि दोन्हींत जास्त असेल ती रक्कम द्या. तो नवा फोन घेणार असेल तर वरचे पैसे त्याने घालायचे.

गिऱ्हाईकाचीही एक बाजू आहे आणि ती मला पूर्ण पटते. त्याला ५,४०० रुपयांचं दुःख नसतं. आत त्याच्या मुलीचे फोटो असतात, बँकेचं ॲप असतं, आणि रविवारच्या कोकणकन्येचं तिकीट असतं. म्हणून पैशांचं बोलायच्या आधी दोन गोष्टी करा. एक, त्याला चालू स्थितीतला बदली फोन द्या. मी यासाठी दोन जुने सेट कायम चार्ज करून ठेवतो. दोन, डेटा वाचवा. डिस्प्ले मेला तरी बोर्ड जिवंत आहे. त्याच मॉडेलचा दुसरा डिस्प्ले तात्पुरता लावून, त्याच्यासमोर, त्यालाच लॉक उघडायला सांगून फोटो आणि नंबर काढून द्या. माझ्याकडच्या निम्म्या भांडणांचा सूर इथेच उतरलाय. फोटो हातात आले की माणूस खाली बसतो आणि मग नव्या फोनचा हट्ट आपोआप मागे पडतो.

एक लक्षात ठेवा. तो मुंबईचा आहे आणि त्याला मुंबईतच तक्रार करता येते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, जो २० जुलै २०२० पासून लागू झाला, त्यात तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार दाखल करायची सोय आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचं शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची. १९१५ या हेल्पलाइनवरही त्याला बोलता येतं. तुम्हाला घाबरवण्यासाठी हे लिहीत नाही. तुमची बाजू खरी असेल तर तिथेही टिकेल. पण देवगडहून मुंबईला दोन तारखा करायच्या म्हटल्या तर प्रवास आणि बंद ठेवलेलं दुकान यांतच डिस्प्लेचे पैसे निघून जातात. समोरासमोर, प्रामाणिकपणे मिटवणं स्वस्त पडतं.

आता मुलाबद्दल. यावर मी सगळ्यांत जास्त लिहिणार आहे, कारण तुम्ही इथे चूक कराल अशी मला भीती वाटते.

पगार कापू नका. कामगाराच्या हलगर्जीपणाने नुकसान झालं तर कपातीला कायद्यात वाव आहे, पण त्याला आपली बाजू मांडायची संधी दिल्याशिवाय नाही, आणि झालेल्या नुकसानीपेक्षा जास्त तर कधीच नाही. तुमच्याकडे तर अजून चूक कोणाची हे ठरलेलंही नाही. पण कायदा बाजूला ठेवला तरी मी कापणार नाही. कारण मी एकदा कापले होते.

बारा-तेरा वर्षांपूर्वी माझ्याकडे एक मुलगा होता, हात अतिशय चांगला. त्याच्याकडून एका फोनचा टच गेला. मी चार महिने पाचशे-पाचशे कापले. त्याला धडा मिळेल असं मला वाटलं होतं. धडा मिळाला, पण भलताच. पुढच्या जुलैअखेरीस मासेमारीची बंदी उठायच्या आधी ट्रॉलरवाल्यांची गर्दी होती. एक ऑगस्टला होड्या बाहेर पडतात, त्याच्या आदल्या दोन दिवसांत सगळ्यांना फोन हवे असतात. एका तांडेलाचा, म्हणजे होडीच्या प्रमुखाचा, फोन या मुलाकडे होता. उघडताना बॅटरीच्या कनेक्टरचं बूड बोर्डावरून उचललं गेलं. आधीची कपात आठवून त्याने मला सांगितलं नाही. वरून चिकटपट्टीचा तुकडा दाबून, फोन चालू दाखवून देऊन टाकला. तो फोन समुद्रात पहिल्याच रात्री बंद पडला. घरी तांडेलाची बायको दोन दिवस फोन लावत होती. होडी परत आली तेव्हा तो सरळ दुकानात आला. "माका आधी सांगलं असतंस तर दुसरो घेऊन गेलंय असतंय," एवढंच म्हणाला. मोठ्याने बोलला नाही. त्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघताना मला समजलं की माझ्या दोन हजारांच्या कपातीने मी मुलाला काय शिकवलं होतं.

त्या दिवसापासून माझ्या दुकानात एकच नियम आहे. काही फुटलं, तुटलं, उचललं गेलं, तर हात थांबवायचा आणि लगेच मला हाक मारायची. हाक मारली तर एक पैसाही कापणार नाही. लपवलं तर कामावर ठेवणार नाही. गेल्या दहा वर्षांत मुलांनी कितीतरी वेळा हाक मारली आणि त्यातले निम्मे फोन मी तिथेच वाचवू शकलो, कारण बोर्ड अजून गरम होता आणि तुटलेला ट्रॅक, म्हणजे बोर्डावरची तांब्याची रेघ, दिसत होता. नंतर कळलं असतं तर तो फोन गेलाच होता.

आणि न्यायाचाही भाग आहेच. दुरुस्तीचा नफा तुम्ही घेता, मुलगा पगार घेतो. स्वस्तातला ओपनर तुम्ही आणून दिला, बॅटरी आयपीएने सोडवायची असते हे त्याला तुम्ही शिकवायचं होतं, गणपतीच्या गर्दीत दिवसाला वीस फोन घ्यायचे हे तुम्ही ठरवलंत. नफा ज्याचा, नुकसानही त्याचंच. एक अपवाद मी करतो. मुलाने सांगितलेलं मुद्दाम मोडलं, म्हणजे गिऱ्हाईकाचा फोन घेऊन बाहेर फिरायला गेला आणि पाडला, तर मग ते त्याच्या अंगावर. गिऱ्हाईकाला मात्र तेव्हाही आधी दुकानानेच द्यायचं. मुलाकडून वसूल करायचं की नाही ते नंतर आपसात बघायचं.

मग पैसे आणायचे कुठून? मी प्रत्येक दुरुस्तीमागे वीस रुपये वेगळे काढतो. महिन्याला साधारण दीडशे कामं होतात, म्हणजे तीन हजार. वर्षाला छत्तीस हजार. वर्षात चार-पाच वेळा भरपाई द्यावी लागली तरी त्यातून भागतं, आणि उरलेल्यातून दिवाळीला मुलांना काहीतरी देता येतं. हे पैसे बाजूला असले की गिऱ्हाईकासमोर आपला आवाजही शांत राहतो. तुमची कामं कमी असतील, पण सुरुवात आजपासून करता येईल.

इथपर्यंतचं एका ठिकाणी आणतो. चूक बाकावर झाली असेल तर भरपाई दुकानाची, रक्कम आजच्या किमतीएवढी, डेटा आधी, मुलाचा पगार सुरक्षित. आता जिथे उत्तर बदलतं ती प्रकरणं, कारण ती तुमच्याकडे येणारच.

पाण्यात पडलेला फोन. मालवण-तारकर्लीत हा माझा रोजचा विषय आहे. पर्यटक येतात आणि सांगतात, 'आयपी ६८ आहे, पाण्यात चालतो.' ती चाचणी गोड्या पाण्यात, ठरावीक खोलीवर, ठरावीक वेळ, नव्या फोनवर झालेली असते. समुद्राचं पाणी आत गेलं आणि बॅटरी जोडलेली राहिली की मीठ आणि वीज मिळून तांबं खातात, तासातासाला. असा फोन मी उघडायच्या आधी गिऱ्हाईकाला स्पष्ट सांगतो की उघडल्यावर हा जिवंत होईल किंवा आता चालतोय तेवढाही बंद होईल, आणि ते पावतीवर लिहून सही घेतो. इथे धोका गिऱ्हाईकाचा, कारण तो फोन घेऊनच आला होता आणि त्याने समजून होकार दिला. हीच गोष्ट फुगलेल्या बॅटरीची, वाकलेल्या फ्रेमची, आधी दुसऱ्या कोणी उघडलेल्या फोनची. पण सांगायचं ते उघडण्याच्या आधी. नंतर सांगितलेला धोका ही सबब ठरते.

नवा विकलेला फोन. तुम्ही विक्रीही करता असं लिहिलंय म्हणून सांगतो. तीन दिवसांत फोन स्वतःहून बंद पडला, तर बदलून देणं कंपनीचं काम. बऱ्याच कंपन्यांची डीओएची, म्हणजे सुरुवातीलाच सदोष निघालेला फोन बदलून द्यायची, पद्धत असते. ठरावीक दिवसांत सर्व्हिस सेंटरचं पत्र मिळालं की नवा सेट मिळतो. पण 'कंपनीकडे जा' म्हणून हात झटकू नका. बिल तुमचं आहे. २०१९ च्या कायद्यात सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत परत घ्यायला नकार देणं, याला अनुचित व्यापारी प्रथा म्हटलंय. मी फोन स्वतः सर्व्हिस सेंटरला पोचवतो. आपल्याकडून ते कणकवलीला किंवा कोल्हापूरला जायचं म्हणजे गिऱ्हाईकाचा दिवस मोडतो. त्याच्या हातून पडून काच फुटली असेल तर ती मात्र त्याचीच, किंवा त्याने विमा घेतला असेल तर विम्याची. विमा विकताना किती तासांत कळवायचं आणि किती टक्के स्वतः भरायचे ते त्याला तेव्हाच मराठीत समजावून सांगा. तिथे गप्प बसलेला दुकानदार पुढे नक्की अडचणीत येतो.

बाहेर पाठवलेला फोन. बोर्डाचं अवघड काम आपण कोल्हापूरच्या कारागिराकडे पाठवतो. वाटेत पार्सल हरवलं किंवा त्याने फोन बिघडवला, तर गिऱ्हाईकासमोर तुम्हीच. त्याने फोन तुमच्या हातात दिला होता, कोल्हापूरच्या माणसाला तो ओळखतही नाही. म्हणून बाहेर पाठवायच्या आधी गिऱ्हाईकाची परवानगी घ्या आणि पार्सलवर खरी किंमत टाका.

पूर, वादळ, आग. २२ जुलै २०२१ ला चिपळूणच्या बाजारपेठेत वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा माझ्या ओळखीच्या एका दुकानदाराकडे गिऱ्हाईकांचे चाळीसेक फोन होते. काही वरच्या फळीवर, बरेच खालच्या खणात. त्याने मला विचारलं होतं की हे सगळे मी भरायचे का? कलम १५२ प्रमाणे अशा आपत्तीत, काळजी घेतलेली असेल तर, तो सुटतो. पण चिपळूणने २००५ चा पूर पाहिलेला होता. तिथे जुलैत रात्री दुकान बंद करताना फोन जमिनीलगत ठेवणं ही शहाण्या माणसाची काळजी म्हणता येईल का, यावर आम्ही तासभर बोललो. शेवटी त्याने कोणाकडूनही मजुरी न घेता सगळे फोन साफ करून बघितले, जे जगले नाहीत त्यांना पुढच्या खरेदीत सूट दिली. मला ते बरोबर वाटलं. या प्रकरणाचं सगळीकडे लागू पडेल असं उत्तर माझ्याकडे नाही. दुकान नदीकाठी आहे की घाटीवर, इशारा मिळाला होता की नाही, यावर ते बदलतं. एवढं मात्र करा. दुकानाचा विमा असेल तर त्यात दुसऱ्याच्या मालकीचा पण आपल्या ताब्यातला माल धरलाय का, हे एजंटला विचारून कागदावर घ्या. बहुतेकांच्या विम्यात फक्त स्वतःचा माल असतो.

आता ती पावती. माझ्याकडे फोन घेताना चार मिनिटं जातात. स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, त्याचे शेवटचे सहा आकडे पावतीवर. गिऱ्हाईकासमोर टच सगळीकडे ओढून बघायचा, पुढचा-मागचा कॅमेरा, स्पीकर, बोटाचं लॉक. सिम ट्रेमधला ठिपका कोणत्या रंगाचा. काचेवर, कोपऱ्यांवर कुठे मार आहे. पुढून-मागून फोटो काढून तिथेच त्याच्या व्हॉट्सॲपवर. आणि फोन बंद आला असेल तर पावतीवर मोठ्या अक्षरात, 'बंद स्थितीत आला, डिस्प्ले व इतर भाग तपासता आले नाहीत.' मग मागचं पॅनेल उघडल्याबरोबर, बाकी कशालाही हात न लावता, बॅटरीला बाहेरून पॉवर सप्लाय देऊन फोन एकदा चालू करायचा आणि डिस्प्लेचा फोटो गिऱ्हाईकाला पाठवायचा. हा एक फोटो तुमच्याकडे असता तर तुम्हाला आज हा प्रश्न विचारावा लागला नसता. गणपतीत आणि मे महिन्यात रांग लागते, तेव्हा हेच पहिलं सुटतं. मी त्या दिवसांत फोन कमी घेतो. पाच जणांना 'उद्या या' म्हणायला जीव तुटतो, पण घाईत घेतलेला फोन जास्त जड जातो.

तुमच्या पावतीवर यातलं काहीच नव्हतं, म्हणून लेन्सखाली नक्की काही कळलं नाही, ना स्वच्छ तांबं ना हिरवं, तरी माझा सल्ला आहे की डिस्प्लेचा खर्च तुम्ही घ्या. फार तर सुट्या भागाच्या किमतीतला थोडा वाटा गिऱ्हाईकाने उचलावा असं विचारून बघा. तो नाही म्हणाला तर ताणू नका.

उद्या सकाळी हे करा. आधी मुलाला एकट्याला बसवा आणि सांगा की पगार कापणार नाही, आता बॅटरी कशी उचललीस ते दाखव. तो हाताने दाखवेल. त्यातच तुम्हाला बरंच कळेल. मग गिऱ्हाईकाला बोलवा, बदली फोन त्याच्या हातात द्या, आणि तिघांनी मिळून ती स्ट्रिप बघा. मॉडेलचा नंबर आणि स्ट्रिपचा जवळून काढलेला फोटो इथे टाकलात तर मूळ डिस्प्ले कुठे मिळेल ते मी बघून सांगतो. त्याची गाडी रविवारी आहे, तेव्हा शुक्रवार दुपारपर्यंत टाका.